बेभान माणसाची जागा लॉकअपमध्ये नाही

रस्त्यात बेभान होऊन आरडाओरडा करणाऱ्याला रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं की सकाळी ताळ्यावर येतो, असा मेसेज फिरतोय. साफ चूक. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १०० सांगतं: मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या, भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. लॉकअप कोणत्याही परिस्थितीत नाही.

आणि कारण दरवेळी मानसिकच असतं असंही नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात. उपचार नाही मिळाले तर तो दगावू शकतो. मधुमेह्याची साखर उतरली तरी तो अंगावर धावून येऊ शकतो. अशाला पालथं दाबून पाठीवर बसू नका, श्वास कोंडतो. १०८ ला फोन लावा.