बाण दिसतो, पण गल्ली कुठली?

आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. निपाणीहून आला, खानापूरहूनही आला: ‘नवे स्मार्ट चष्मे घाला, रस्त्यावरच बाण दिसेल. वाट कधी चुकणार नाही, नजर समोर राहिल्यानं अपघात होणार नाही, कुणाला काही विचारायला नको.’ आमच्या घरातल्या वयस्कर माणसांनी तो खरा मानलाय, म्हणून हे लिहितोय.

‘वाट कधी चुकणार नाही.’ बाण बरोबर उमटायचा तर तुम्ही कुठं उभे आहात आणि तुमचं तोंड कुठं आहे, हे दोन्ही चष्म्याला कळावं लागतं. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाइलच्या जीपीएसमध्ये साधारण 5 मीटरचा फरक पडतो. आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत आभाळ मोकळं कुठंय? उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. परवा तिथं भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहून मोबाइल बघितला. निळा ठिपका मागच्या गल्लीत, आणि मी जागचा हललो नसताना त्याची दिशा गरगर फिरत होती. दिशा ओळखणारं होकायंत्र आजूबाजूच्या लोखंडानं बिघडतं, आणि तिथं तर शटरला लागून शटर. दिशा 10 अंशांनी चुकली, तर 30 मीटरवरचा बाण 5 मीटर बाजूला पडतो. तेवढ्या अंतरात शेजारच्या बोळाचं तोंड येतं! नकाशावरचा ठिपका भलतीकडे गेला तर आपल्याला शंका येते. रस्त्यावर टेकलेल्या बाणावर माणूस डोळे झाकून विश्वास टाकतो, मला भीती त्याचीच वाटते.

कॅमेऱ्यानं समोरच्या इमारती ओळखून ही चूक कमी करता येते, हे खरं. गुगलनं 2019 मध्ये मोबाइलवर तशी सोय आणली. पण त्यासाठी त्या रस्त्याचे फोटो आधीच काढून ठेवलेले लागतात. रस्त्यांचे असे फोटो दाखवणारं गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात 2022 मध्ये 10 शहरांत सुरू झालं. त्यांत बेंगळुरू होतं, पुणं होतं, बेळगाव नव्हतं.

‘अपघात होणार नाही.’ नजर समोर असली म्हणजे लक्षही समोर असतं, असं नाही. बाण बघणारा माणूस बाणच बघतो. खडेबाजारात आडवी घुसलेली रिक्षा त्याला उशिरा दिसते. बाण सतत समोर नाचत ठेवण्यापेक्षा वळणाच्या थोडं आधी दाखवून पुसून टाकावा. त्याहून बरं म्हणजे कानात सूचना, नाहीतर ज्या बाजूला वळायचं त्या मनगटावर थरथर.

रस्ताभर बाण दिसेल, हेही फसवं. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या 2025 च्या डिस्प्लेवाल्या चष्म्यात चित्र फक्त उजव्या डोळ्याला, 20 अंशांत दिसतं. आपल्या दोन डोळ्यांचा आवाका 200 अंशांच्या आसपास.

राहिलं ‘विचारायला नको.’ जांबोटीच्या पुढं जंगलात रेंज तुटली तरी जीपीएस चालतं, पण नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर बाण दाखवायचा कशावर? आणि गणपत गल्लीत त्या दिवशी मी शेवटी भांडेवाल्या काकांनाच विचारलं. त्यांनी ना मीटर सांगितले ना अंश. हातातला तांब्या खाली ठेवला, माझा खांदा धरून मला वळवलं आणि म्हणाले, “सीदा जावा. पुढं मारुतीचं देऊळ लागतंय बघा, ते सोडलं की डाव्या हाताला.” चष्मे बनवणाऱ्यांनी आधी हे शिकावं: तोंड कुठं आहे ते बघायचं, मग खूण सांगायची. तोवर आमच्या आईला मी काकांकडेच पाठवीन.