आम्ही कोल्हापूरकर कधी बाहेर खेळायला जाणार?

२० मार्च २०२२. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, आयएसएल या फुटबॉल लीगची फायनल, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. आम्ही चौघं पहाटेच कोल्हापुरातनं निघालो होतो, निपाणी-आजरा-आंबोली करत. कारण एकच, हैदराबादच्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

पण त्या रात्रीतलं आज काय आठवतं विचाराल, तर केरळा ब्लास्टर्सची माणसं. कोरोनामुळं दोन सीझन रिकाम्या गॅलरीसमोर झालेले. फायनलला गेट उघडलं आणि सातशे किलोमीटरवरनं लोक आले, बसनं, रेल्वेनं, मोटारसायकलवर. येताना कासरगोड जिल्ह्यात अपघातात दोन पोरं गेली. तो सामना म्हटलं की मला आधी ती दोघं आठवतात.

त्या दिवशी पिवळी जर्सी हैदराबादच्या अंगावर, ब्लास्टर्स काळ्या जर्सीत. तरी गॅलरीतला पिवळा मात्र केरळचाच!

माझ्या शेजारी साठीचे एक काका, ब्लास्टर्सवाले. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातावर केळ्याचे वेफर्स ठेवले. ६८व्या मिनिटाला राहुल के. पी.नं गोल केला तेव्हा मला, समोरच्या पार्टीच्या माणसाला, मिठी मारली. ८८व्या मिनिटाला हैदराबादकडनं गोव्याच्याच साहिल ताव्होरानं लांबनं हाणलेला बॉल जाळीत गेला, तसे ते मटकन खाली बसले. पेनल्टीत हैदराबादचा गोलकीपर कट्टीमनीनं तीन अडवल्या. हैदराबाद ३-१. ब्लास्टर्सची तिसरी फायनल, तिन्ही हरलेले. काकांनी झेंडा गुडघ्यावर पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या, चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मग उभं राहून आपल्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, कितीतरी वेळ.

निघताना मोडक्या हिंदीत विचारलं, "तुमची टीम बाहेर खेळायला गेली की किती जण जाता?"

मला उत्तरच देता आलं नाही. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस असो, आमच्या सगळ्या तालमी, म्हणजे पेठापेठांचे फुटबॉल क्लब, शाहू स्टेडियमवरच खेळतात. पेठेतनं चालत जायचं, सामना बघायचा, चालत परत. एवढं फुटबॉलवेडं गाव, पण आपल्या टीमसाठी रात्रभर प्रवास करून, परक्या गावात, हजारो विरोधकांच्या मधे बसणं काय असतं हे आम्हाला माहीतच नाही.

म्हणून मी म्हणतो, महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांची लीग हवी, एक सामना घरी, एक त्यांच्या गावी. लगेच कुणीतरी म्हणणार, कोल्हापूरकर बाहेर गेले की राडा होणार. मला नाही पटत. आमचे राडे घरातलेच आहेत, या पेठेचे त्या पेठेशी. बाहेरगावी गेलो की पाटाकडीलवाला आणि खंडोबावाला एकाच डब्यात बसतील, एकाच डब्यातली भाकरी खातील. मी ते आंबोली घाटात बघितलंय. आमच्या गाडीतले चौघं तीन वेगवेगळ्या तालमींचे होते, आणि जाता-येता आख्ख्या रस्त्यात विषय एकच, अनिकेत.

नागपूरला सामना ठेवा. महाराष्ट्र एक्स्प्रेस आमच्या स्टेशनावरनंच सुटते. हलगी मी घेऊन येतो.