एडिसनचा एजिसोन

भाचीच्या मुलाचं बारसं पुढच्या आठवड्यात, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण पेटलंय. तिला ‘कियांश’ हवंय. काकांचा एकच धोशा: अर्थ काय? तिने कुठूनसं शोधून टाकलं, ‘सर्वगुणसंपन्न (संस्कृत)’. काका आणखीच भडकले.

मी हे साओ पावलोत बसून वाचतो. इथे माझ्या ऑफिसात एक वेलिंग्टन आहे आणि एक मायकोन. मायकोन म्हणजे आपला मायकल, कानावर पडला तसा पोर्तुगीजात लिहिलेला. ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा नावाजलेला बचावपटू मायकोन, त्याचं नाव तर मायकोन डग्लस. हॉलिवूडच्या नटावरून ठेवलेलं!

पण सगळ्यांत गोड गोष्ट पेलेची. १९४० साली त्रेस कोरासोइंस गावात तो जन्मला, तेव्हा तिथे नुकती वीज आली होती. म्हणून बापाने नाव ठेवलं थॉमस एडिसनचं. घरच्यांनी स्पेलिंगमधला ‘आय’ गाळून एडसन केलं. जन्मदाखल्यात मात्र तो ‘आय’ राहून गेला. गंमत म्हणजे ब्राझिलियन जिभेला ‘ड’ आणि ‘स’ जोडून म्हणवत नाहीत. मध्ये ‘इ’ येतोच आणि ‘ड’चा ‘ज’ होतो: एजिसोन. घरच्यांनी काढलेला ‘इ’ जिभेने परत आणून बसवला.

इंग्रजीत एडिसन म्हणजे कुणा एडीचा मुलगा. पेलेच्या वडिलांना म्हणत दोंदिन्यो. म्हणजे शब्दकोशातला अर्थ साफ चुकला. खरा अर्थ, गावात दिवे लागले.

इथले सुखवस्तू लोक अशा नावांना नाकं मुरडतात, ‘मायकोन’ म्हटलं की वस्तीतला पोरगा असं धरून चालतात. ते मला आवडत नाही. पण एक मानावं लागेल: मायकोनच्या आईने त्याला कधी लॅटिन कुळ चिकटवलं नाही. ऐकलं, आवडलं, ठेवलं. आपल्याकडे मात्र नाद आवडून ठेवलेल्या नावालाही संस्कृतचा खोटा दाखला जोडायचा. माझं भांडण त्या दाखल्याशी आहे, नावाशी नाही.

आणि काकांनी अर्थाबद्दल बोलावं? कागदोपत्री ते धोंडो. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आजीने दगडाचं नाव ठेवलं, हा तरी जगावा म्हणून.

भाचीला लिहिलं, ‘आवडलं म्हणून ठेवलं’ एवढंच सांग. ग्रुपवर काकांच्या निळ्या खुणा दिसल्यात. उत्तर अजून नाही.