न मारण्याची कटकट

'ट्रायगन: बॅडलँड्स रंबल' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट घरच्यांबरोबर लावला की दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "अरे, बंदूक आहे ना हातात? घाल की गोळी!" पुढची ऐंशी मिनिटं उत्तरं द्यायची जबाबदारी माझी. चित्रपट दीड तासाचाच आहे, एवढीच दया.

नायक व्हॅश द स्टॅम्पीड. लाल कोट, उभे पिवळे केस, डोनट दिसला की पाघळणारा. डोक्यावर बक्षीस ६० अब्ज डबल डॉलर (त्या जगातलं चलन), म्हणजे आपले सरळ ६,००० कोटी. आणि हा माणूस जीव म्हणून कुणाचा घेत नाही. सुरुवातीलाच गॅसबॅक नावाच्या दरोडेखोरावर त्याचेच साथीदार उलटतात आणि व्हॅश मध्ये पडून त्याला वाचवतो. वाचलेला गॅसबॅक पुढे वीस वर्षं दरोडे घालतो. करायला गेले गणपती, झाला मारुती!

"मग पायावर मारावी," हा दुसरा प्रश्न. इथे मी रिमोट दाबून चित्र थांबवतो. मांडीत मोठी धमनी असते. ती फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो, म्हणजे अहिंसेचं तिथेच वाजलं. म्हणून नेम माणसावर नाही, त्याच्या हातातल्या हत्यारावर. ते हत्यार हलतंय, तो माणूस पळतोय, आणि लोखंडावर आपटलेली गोळी उडून कुणाला लागेल याचा हिशेबही यानेच करायचा. मारणाऱ्याला एवढं गणित नसतं.

त्यात गोळ्या फक्त सहा. व्हॅशच्या .४५ रिव्हॉल्व्हरची नळी सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) वरच्या नाही, खालच्या खोबणीसमोर आहे. त्यामुळे झटका मनगटाच्या वर न जाता जवळपास सरळ हातात येतो, नळीचं तोंड कमी उसळतं आणि दुसरा नेम लवकर लागतो. बंदूक मधून मोडून उघडते, सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक पुंगळी दांडीने ढकलून काढत बसावं लागे; तेवढ्यात समोरचा चहा पिऊन येईल.

बायकांचा पक्ष घरात लगेच ठरतो: मेरिल आणि मिली, विमा कंपनीच्या बाया. व्हॅश जाईल तिथे गाव कोसळतं आणि भरपाईचे कागद यांच्या गळ्यात. १९९८ च्या २६ भागांच्या 'ट्रायगन' मालिकेतही हेच, दिग्दर्शकही तेच, सातोशी निशिमुरा. २०१० चा हा चित्रपट मालिका न बघताही कळतो, पण ती बघितली असेल तर विम्याचा विनोद जास्त लागतो. तिथे पुढे व्हॅशला अधिकृतपणे नैसर्गिक आपत्ती जाहीर करतात, म्हणजे विमा कंपनी भरपाईतून मोकळी. पूर, भूकंप, व्हॅश. दावा नामंजूर!