'पाच सेकंदाच्या कामाला बारा दिवस' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. आधी सॉरी. तुमच्या बॉयलरच्या डक्टचं तापमान दहा पॉईंटवर मोजणारी काचेच्या फायबरची सेन्सर लाईन द्यायला दहा दिवस सांगून बारा लागले आणि शेवटच्या दिवशी तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत, चूक आमचीच.

पण 'पाच सेकंदाचं काम, काचेच्या केसाला सोन्याचा भाव' असं लिहून एक स्टार दिलात ना, खरं सांगते, रात्री झोप लागली नाही. कुपवाड एमआयडीसीतलं आमचं शेड केवढंसं ते तुम्ही बघितलंय, लेसरचा हप्ता अजून चालू आहे आणि नवीन माणूस आधी रिव्ह्यूच वाचतो.

तुम्ही त्या रात्री भडंग खात मोबाईलवर एका पॉईंटचे मोजलेले पाच सेकंद बरोबरच आहेत. तेवढ्यात लेसरने सेकंदाला हजार अशा फेमटोसेकंद पल्स (उजेडाचे अतिशय छोटे ठोके) मारल्या, खालून फायबर सरकत होती, आणि 5 मिलिमीटरमध्ये साडेचार हजारांच्या वर ठिपके पडले, दोन ठिपक्यांतलं अंतर साधारण 1.07 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते चुकलं की फायबरमधून सोडलेला 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड ठिपक्यांवरून परत फिरायचा तो सरळ निघून जातो, मग सेन्सर कसला! शिवाय दहाही पॉईंटमधल्या ठिपक्यांचं अंतर थोडं थोडं वेगळं, म्हणून तर कुठला पॉईंट बोलतोय ते कळतं. आणि हे सगळं 125 मायक्रॉनच्या फायबरच्या पोटात जो 9 मायक्रॉनचा कोअर, म्हणजे उजेड जातो तो गाभा, असतो त्याच्या बरोब्बर मधे पडायला लागतं. ते जुळवायला एकेका पॉईंटला पाऊण पाऊण तास मी स्वतः बसते, तेही रात्री, कारण दिवसा उसाच्या ट्रॉल्या गेल्या की टेबल थरथरतं. तुम्ही आलात ते सगळं जुळल्यावर. अक्षता टाकायला यायचं आणि पाच मिनिटांत लग्न उरकलं म्हणायचं, तसं झालं हे.

बाकीचे दिवस भट्टीत आणि कॅलिब्रेशनमध्ये गेले. एक अंश वाढला की परत येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी जेमतेम 10 पिकोमीटर सरकते, त्यावरूनच तापमान कळतं, 10 पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा शंभरावा भाग. आधीच तापवून मुरवलं नाही तर बॉयलरच्या डक्टमध्ये ती आपोआप सरकत बसते आणि तुम्हाला खोटं तापमान दिसतं. घाई केली असती तर चार दिवस आधी दिलं असतं, पण मग दोन स्टार जास्त मिळाले असते का सांगा.

राहिला 'पाचव्या पॉईंटच्या पुढे सगळं बंद'चा मुद्दा. तुमच्याच फोटोत बघा, पाचव्याच्या पुढे डक्टच्या कोपऱ्यावर फायबर काटकोनात वळवून बाइंडिंग वायरने पक्कड लावून आवळलीय. काच आहे हो ती, हे देताना तोंडी सांगितलं होतं. (लिहून द्यायला हवं होतं, आता देत जाऊ, फोनचंही काहीतरी बघतोय.)

लाईन घेऊन या, तुटलं असेल तिथं जोडून देते, जोडणीचे पैसे नकोत. फक्त येताना खिशात घडी घालून आणू नका, आम्ही दिलेल्या मोठ्या रिळावरच गुंडाळून आणा.