दोन ओळींचं काम

काल भर मीटिंगमध्ये आमच्या मार्केटिंगच्या सरांनी आपला आयफोन सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा बरं, काही आलंय का यावर?" सगळ्यांनी वाकून पाहिलं. काही आलं नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन ओळींचं काम होतं ना हे?" सर म्हणाले. माझी बोलती बंद. कारण दोन ओळींचं काम हे खरंच आहे. आमच्या ॲपमधून लोकांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवायला आम्ही एक टूलकिट, म्हणजे तयार कोडचा संच, विकत घेतलं होतं. एका ओळीत त्या टूलकिटला जागं करायचं, दुसऱ्या ओळीत वापरणाऱ्याकडे परवानगी मागायची. विकणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक सरांनी वाचलं होतं, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

फक्त त्या दोन ओळींपर्यंत पोचायला जे करावं लागतं, ते माहितीपत्रकात नसतं. ॲपलकडून एक पी-८ फाइल, म्हणजे निरोप पाठवायची गुप्त किल्ली, घ्यायची. ती एकदाच डाउनलोड होते. हरवली की ती किल्ली रद्द करून नवी काढायची. गूगलच्या फायरबेसमध्ये (अँड्रॉइडचे निरोप याच सेवेतून जातात) प्रोजेक्ट उघडायचा, त्याची सेटिंगची जेसन फाइल बरोब्बर त्याच फोल्डरात ठेवायची. आयफोनवर नोटिफिकेशनमध्ये चित्र दिसायला हवं असेल (सरांना हवंच असतं), तर मुख्य ॲपच्या पोटात आणखी एक छोटं एक्स्टेन्शन घालायचं. त्याची ओळख वेगळी, प्रोव्हिजनिंग प्रोफाइल, म्हणजे ॲपलचा परवाना, वेगळं. मग ग्रेडल, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बांधणारं साधन, म्हणतं की तुमच्या टूलकिटला ही लायब्ररी (तयार कोडचा गठ्ठा) नवीन हवी आहे, नकाशावाल्या लायब्ररीला मात्र जुनीच चालते. भांडण त्या दोघींचं, आणि लाल अक्षरांत जी एरर येते तिच्यात नाव तिसरीचंच.

हे सगळं जमलं आणि आमच्या ॲपमधलं चॅट मुकं झालं. चॅटचे संदेश झेलायला आमची स्वतःची एक सर्व्हिस होती. टूलकिटनंही गुपचूप आपली एक आणून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपमध्ये काय काय आहे त्या यादीत, बसवली होती. फायरबेसचा संदेश ॲपमधल्या एकाच सर्व्हिसकडे जातो. तो पाहुण्याकडे जायला लागला आणि पाहुणा तो गिळून गप्प बसायला लागला. त्यात तर एक अख्खा आठवडा गेला. पण तो सांगत बसलो तर सर राहून जातील, आणि सरांना न्याय मिळायला हवा.

सर रोज दुपारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते उभे. मग हळूच, "आलं का?" मी म्हणायचो, "येईल, सर." एक दिवस अँड्रॉइडवर खरंच आलं. सर खाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाशी धरली.

"हे काय आहे?"

"नोटिफिकेशन आहे, सर. आपलंच."

"ते कळलं हो. हा पांढरा चौकोन काय आहे?"

"तो आपला लोगो आहे."

"आपला लोगो केशरी आहे. आणि गोल आहे."

मी समजावलं. पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, अँड्रॉइड वरच्या पट्टीतल्या छोट्या आयकॉनचे रंग बघतच नाही. कुठे पारदर्शक आणि कुठे भरीव एवढंच बघतं, आणि भरीव भाग पांढरा रंगवून टाकतं. आपल्या लोगोला मागे पार्श्वभूमी आहे, म्हणून सगळाच भरीव, म्हणून सगळाच पांढरा. डिझायनरकडून पारदर्शक मिळाला की नीट दिसेल. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गूगलनं आपला लोगो नाकारला."

"नाकारला नाही, सर—"

"मग त्यांना मेल टाका ना. म्हणावं, ब्रँड आहे आमचा."

हा मेल टाकण्याचं काम अजून माझ्या यादीत आहे. कोणाला टाकायचा, ते सरांनी माझ्यावर सोपवलंय.

मुळात ही सगळी व्यवस्था आली ती भल्यासाठी. प्रत्येक ॲपनं आपापल्या सर्व्हरला सतत "काही नवीन?" असं विचारत बसलं, तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून फोननं एकच कायमची जोडणी उघडी ठेवायची आणि सगळ्यांचे निरोप तिच्यातून यायचे. ॲपलनं हे 2009 मध्ये दिलं, गूगलनं 2010 मध्ये. गूगलनं मग 2012 मध्ये त्याचं नाव बदललं, 2016 मध्ये परत बदललं, आणि दर वेळी आमच्यासारख्यांना जुनं उपटून नवं लावायला बसवलं. तुम्ही कुठलंही टूलकिट विकत घ्या, निरोप शेवटी याच दोन दारांतून जातो. टूलकिटवाला मधला मनुष्य. डॅशबोर्ड देतो, आलेख देतो, आणि जाता जाता आमच्या वापरणाऱ्यांची थोडी माहितीही घेऊन जातो. तो काय काय घेतो, हे स्टोअरच्या गोपनीयतेच्या फॉर्ममध्ये आम्ही भरायचं. चूक निघाली तर ॲप आमचं अडकणार, त्याचं नाही.

तर कालच्या मीटिंगमधला आयफोन. माझ्या टेस्टच्या आयफोनवर नोटिफिकेशन येत होतं. टेस्टरच्या येत होतं. सरांच्या येत नव्हतं. नेमकं सरांच्याच फोनवर घोडं पेंड खात होतं. ॲपलचे सँडबॉक्स (चाचणीचा) आणि प्रॉडक्शन (खरा) असे दोन वेगळे दरबार आहेत, एकाचं टोकन, म्हणजे फोनचा पत्ता, दुसरीकडे चालत नाही. मी ते तपासलं. किल्ली तपासली. डॅशबोर्डमध्ये सरांचं डिव्हाइस शोधलं. सापडलं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: परवानगी नाही.

"सर, ॲप पहिल्यांदा उघडलंत तेव्हा एक चौकट आली असेल. 'नोटिफिकेशन पाठवू का?' म्हणून."

"आली होती."

"तुम्ही काय दाबलंत?"

"नको."

मी थांबलो.

"मी सगळ्यांनाच नको म्हणतो," सर म्हणाले. आवाजात कुठेही अपराधीपणा नाही. उलट अनुभवी माणसाचा सल्ला देतोय असा सूर. "एकदा हो म्हटलं की जीव खातात हो ही ॲप्स. सकाळ नाही, रात्र नाही. तुम्ही पण बंद करून टाका सगळं. फार शांत वाटतं."

हे बोलणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर त्या क्षणी एक एक्सेल शीट उघडी होती. तीन दिवस ॲप उघडलं नाही तर जाणारा निरोप, सात दिवसांनी जाणारा निरोप, रात्री साडेनऊला 'झोपण्यापूर्वी' म्हणून जाणारा निरोप. एका निरोपात चक्क "आमच्यावर रागावलात का?" असं होतं. आणि या सगळ्या जाहिराती त्यांना 'महत्त्वाचे संदेश' या चॅनलमधून (चॅनल म्हणजे नोटिफिकेशनचा वेगळा कप्पा) जायला हव्या होत्या. अँड्रॉइडनं 2017 मध्ये चॅनल आणले ते नेमके यासाठी, की माणसाला ऑफर बंद करून कामाचे निरोप चालू ठेवता यावेत. सरांचं म्हणणं, "पण मग लोक ऑफरच बंद करतील ना." अगदी बरोबर, सर. करतीलच. आता ते सगळंच बंद करतील, आणि ज्या चॅटसाठी मी आठवडा घातला ते चॅटही त्यात जाईल.

मी एवढंच म्हणालो की आयफोनवर एकदा नको म्हटलं, की ॲपला ती चौकट पुन्हा दाखवता येत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्हालाच चालू करावं लागेल. सरांनी फोन माझ्या हातात दिला. मी बटण सरकवलं. निरोप पाठवला. फोन थरथरला, सर दचकले, आणि मीटिंग संपली.

संध्याकाळी मीटिंगची टिपणं आली. 'आयफोनवर नोटिफिकेशन न येण्याची त्रुटी: दुरुस्त झाली. विलंबाचं कारण: डेव्हलपमेंट.' पुढे माझं नाव.

मी त्याखाली तीन परिच्छेदांचा सविस्तर आणि सभ्य खुलासा लिहिला आणि सरांना टॅग केलं. अजून उत्तर नाही. येणारही नाही बहुतेक. टिपणं येतात त्या ऑफिसच्या ॲपलाही त्यांनी पहिल्याच दिवशी नको म्हटलेलं असणार.