लाल टिकली

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्र विकलं गेलं की शेजारच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावतात. आम्ही घेतलेल्या चित्राला ती लागताना माझा नवरा जितका खुलतो, तितका आमच्या लग्नातही खुलला नव्हता. पण चित्र लगेच हातात मिळत नाही. प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहतं आणि प्रदर्शन संपतं सोमवारी संध्याकाळी सातला. म्हणजे तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास घेऊन आपण व्हीटीला पोचतो, तेव्हा अख्खं ठाणं घरी निघालेलं असतं.

न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याला आमच्या घरात कुलदैवताचा मान आहे. तो टपाल खात्यात पत्रं निवडायचा, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं. एका बेडरूमच्या घरात हजारो कलाकृती कोंबल्या आणि 1992 मध्ये सगळा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला द्यायचं ठरवलं. नियम दोनच : परवडलं पाहिजे, घरात मावलं पाहिजे. आमचे पगार फ्लॅटच्या हप्त्यात जातात आणि चित्रं बोनसवर येतात, पण नियम तेच. त्यांना फक्त आमच्यासारखा ठाण्याचा घोडबंदर रोड नव्हता.

गेल्या सोमवारी मालडब्यात चढलो. बबल रॅपमधून राखाडी-हिरवट रंग दिसत होता. रिकाम्या टोपलीवर बसलेल्या कोळीण मावशींनी मान वाकडी करून बराच वेळ बघितलं. (जहांगीरमध्ये इतका वेळ कुणी दिला नव्हता.)

"बाय, भिंतीला ओल आल्यावानी दिसतंय गो."

नवरा दुखावला. "मावशी, हे अमूर्त चित्र आहे. चित्रकार गायतोंड्यांचं असंच एक चित्र 2021 मध्ये जवळपास 40 कोटींना गेलं."

"आन हे केवढ्याला?"

"अठरा हजार. तीन हप्त्यांत."

"मंग बरोबर हाय," मावशी म्हणाल्या आणि मुलुंडपर्यंत आमच्या चित्राला कुणाचा डबा लागू दिला नाही.

ठाण्याला तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली, चौथ्याने दीडपट घेतले. ते सोडा. खरी परीक्षा घरी. आमची बिल्डिंग मायवानची, म्हणजे भिंती नखशिखांत काँक्रीटच्या. खिळा ठोकला तर खिळाच नमस्कार करतो. हॅमर ड्रिलवाला आणायचा तर दुपारी दोन ते चार सोसायटीत ड्रिलिंग बंद आणि तो नेमका दोनलाच उगवतो. शेवटी दाराच्या समोरच्या भिंतीवर, जुन्या घड्याळाच्या हुकालाच कॅनव्हास अडकवला.

पावसाळ्यात तर आम्ही संग्राहक कमी आणि दाई जास्त. कागदावरच्या चित्रांना बुरशी धरते, म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षभर जमवते. नवरा दर रविवारी फ्रेमची पाठ हुंगून बघतो. त्यात बेडरूमची भिंत खरंच गळते. दोन वर्षांत सोसायटीला चार अर्ज झाले.

परवा धो धो पावसात सेक्रेटरी काका कसलीशी सही घ्यायला आले. छत्री निथळत होती, म्हणून उंबऱ्यातच थांबले. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"अरे बापरे! एवढी ओल? हॉलपर्यंत आली?" त्यांनी मोबाइल काढून दोन फोटो घेतले. "उद्याच वॉटरप्रूफिंगवाल्याला पाठवतो."

नवऱ्याने 'अमूर्त' म्हणायला तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.